दुधात कुस्करलेली पोळी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. लहानपणी ते कौतुक होतं, लग्नानंतर त्याची तक्रार झाली, आणि लेक झाल्यावर मी सलग पाच मिनिटं एका जागी बसल्याचं मला आठवतच नाही. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच्या आगेमागेची ती दोन-अडीच वर्षं. आमचं गाव आखाडा बाळापूरपासून पायी तासाभराच्या वाटेवर. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका. नवरा बाळापूर ते नांदेड दुसऱ्याची काळी-पिवळी जीप चालवायचा. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि एवढीशी लेक.

सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत लेक चांगली बाळसेदार होती. मग वरचं खाणं सुरू केलं आणि दोन महिन्यांत तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून सहा-सात वेळा शी. पांढुरकी, फेसाळ, तेलकट, आणि वास असा की शेजारीण बोलता बोलता उठून जायची. पोट टम्म फुगलेलं, हातपाय वाळत चाललेले. तेराव्या महिन्यात भिंत धरून चालणारी पोर सोळाव्या महिन्यात बसली आणि परत उभी राहीना. कुणी उचललं तरी रडायची, ठेवलं तरी रडायची. घास पुढं केला की तोंड फिरवायची.

आणि मी कोण, तर गावातल्या लेकरांची वजनं करणारी बाई. छताच्या आढ्याला काटा टांगायचा, त्याच्या कापडी झोळीत लेकरू बसवायचं, आकडा वाचायचा आणि तक्त्यावर टिंब मारायचं. तक्त्यात रंगांचे पट्टे होते. पोर कोणत्या पट्ट्यात आहे ते पाहून तिला कोणती श्रेणी ते ठरायचं. चौथी श्रेणी म्हणजे जिवावरचं. माझ्या लेकीचं टिंब पहिल्या पट्ट्यातून दुसऱ्यात उतरलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. वजन महिन्यातून एकदा करायचा नियम. मी रोज करायची. सकाळी करायची, दुपारी करायची. काटाच बिघडला असेल म्हणून त्यावर गुळाची ढेप तोलून बघायची. काटा अगदी बरोबर होता.

बाया तोंडावर बोलत नसत, पण मी कुणाला ‘लेकराला नीट चारत जा गं’ म्हटलं की तिची नजर माझ्या लेकीकडं जायची. एकदा तर एकीनं विचारलंच, "बाई, तुमी काय चारता हो?" तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला आणि मी तिच्या पोराच्या लांबलेल्या नखांवरून तिला अर्धा तास झापलं.

मी काय चारत होते ते सांगते. पोळी. गव्हाची मऊ पोळी, दुधात कुस्करून, वर साखर. मध्ये ग्लुकोजची बिस्किटं. अंगणवाडीत येणारी सुकडी, म्हणजे भाजलेली कणीक, गूळ आणि तेल, ती तर इतर लेकरांपेक्षा चमचाभर जास्तच. रव्याची खीर. शेवया. जे जे चांगलं, जे जे मऊ, ते सगळं.

ह्या पोळीमागं माझे वडील होते. ते लहान असताना त्यांची आजी गावकीची कामं करून दारोदारची शिळी भाकर फडक्यात बांधून आणायची, आणि सगळं घर त्यावर जेवायचं. वडील शिकले, हिंगोलीत सरकारी कचेरीत कारकून झाले. तेव्हा त्यांनी आईला एकच सांगितलं होतं, की माझ्या लेकरांच्या डब्यात पोळी असली पाहिजे. पावसाळा असो, महिनाअखेर असो, आमच्या डब्यात पोळी असायची. आमच्या वर्गातल्या जमीनदारांच्या पोरींच्या डब्यात भाकरी आणि माझ्या डब्यात पोळी, तेव्हा माझी मान जरा ताठच असायची. भाकरी मला थापताही येत नव्हती. त्याचीसुद्धा मला लाज वाटायची नाही.

सासूबाई मात्र भाकरीवरच्या. शेतमजुरीत जन्म गेलेला. ज्वारीची भाकरी ताकात चुरून त्या लेकीला भरवायला बसायच्या, आणि मी येऊन वाटी काढून घ्यायची.

"आत्याबाई, तिचं पोट किती नाजूक हाय दिसत न्हाई का तुमाला? भाकर कशी पचंल?"

"आमची पोरं काय हवा खाऊन वाढली व्हय?" त्या म्हणायच्या.

"तुमच्या पोरांचं मला सांगू नका. डॉक्टरनं सांगितलं, हलकं द्या म्हणून."

डॉक्टरनं खरंच सांगितलं होतं. बाळापूरच्या एकानं जंताचं औषध दिलं, दुसऱ्यानं आमांश म्हणून गोळ्या दिल्या, तिसऱ्यानं सलाईन लावली आणि म्हणाला, दुधात बिस्किट द्या, पोळी द्या, जड काही नको. कळमनुरीत एक झाले, हिंगोलीत दोन झाले. हट्टा गावात माझी नणंद दिलेली, तिच्या ओळखीचा एक वैदू झाला. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, मुडदूस हाय, बिब्ब्याचे चटके द्या पोटावर, बराबर होतं. मी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रात्रंदिवस कुठल्या डॉक्टरकडं जायचं राहिलं ह्याचाच हिशेब डोक्यात चालायचा. एकाचं औषध चार दिवस दिलं की मला धीर नसायचा, की निघाले दुसऱ्याकडं. नवरा म्हणायचा, "जरा थांब की, औषधाला टाइम लागतो." त्याचं ते शांत बोलणं ऐकलं की मला आणखीच चेव यायचा.

त्यातच महिनाभराच्या प्रशिक्षणाचा हुकूम आला. परभणीला राहून करायचं. लेक तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. तिला तिथल्या वसतिगृहात नेणं शक्यच नव्हतं, आणि गेले नसते तर नोकरी गेली असती. जाताना मी चार दिवसांचं गव्हाचं पीठ भरून ठेवलं, पुढच्यासाठी पोत्यात गहू ठेवले, बिस्किटांचे पुडे ठेवले, हिंगोलीच्या डॉक्टरनं दिलेल्या नव्या टॉनिकची बाटली ठेवली, आणि सासूबाईंना दहा वेळा बजावलं, "पोळीच द्यायची. भाकरीचा तुकडा लावायचा न्हाई तोंडाला."

"बरं बाई," त्या म्हणाल्या.

परभणीत आम्हाला बालकांचा आहार ह्याच विषयावर भाषणं होती. मी पहिल्या बाकावर बसून वहीत सगळं उतरवत होते आणि मनात माझी पोर जिवंत असेल का असा विचार करत होते. गावात फोन नव्हता. नवरा एकदा येऊन गेला, म्हणाला, बरी आहे. त्याचं ‘बरी’ म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

महिन्यानं आले तर दारात लेक उभी. जोत्याला धरून, पण उभी. गालावर जरासा रंग. पोट उतरलेलं. मला पाहून हसली आणि दोन पावलं टाकून पडली. मी तिला उचलून आधी अंगणवाडीत नेलं आणि काट्यावर घातलं. वजन वाढलं होतं. मला वाटलं, टॉनिक लागू पडलं.

मग चुलीपाशी ताकातल्या भाकरीची वाटी दिसली. कणकेचा डबा रिकामा. "तुमाला काय सांगून गेले होते मी?" इथून सुरुवात झाली ती शेजारपाजार गोळा होईपर्यंत. सासूबाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि वाटी घासायला गेल्या. मी त्याच दिवशी गहू निवडले, दळून आणले, आणि जीव लावून लेकीला भरवायला लागले. महिनाभराची कसर भरून काढायची होती ना मला. सकाळी खीर, दुपारी पोळी, संध्याकाळी सुकडी. टॉनिकच्या आणखी दोन बाटल्या आणल्या.

पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शी, पोट, रडणं. दोन महिन्यांत तिचं टिंब चौथ्या पट्ट्याच्या रेघेवर जाऊन बसलं. चेहरा म्हातारीसारखा दिसायला लागला. केस तांबूस होऊन गळायला लागले. आमच्या वरच्या बाई तपासणीला आल्या, तक्ता पाहून माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता गावातल्या गावात फिरू नका. नांदेडला मोठ्या बालरोगवाल्यांकडं जा." मला तोंड वर करून बघवेना.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या जीपमध्ये आम्ही निघालो. सासूबाईंना मी नको म्हणत होते, पण त्या आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

नांदेडच्या त्या डॉक्टर बाई वयानं मोठ्या होत्या. आतापर्यंतच्या सगळ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आजारी कधीपासून? ह्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, लेकीचं पोट चाचपलं, आणि विचारलं, "मधल्या काळात ही बरी कधी होती?"

मी आठवायला लागले. सासूबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "ही घरी नव्हती तवा."

खोलीत आणखी दोन आया बसल्या होत्या. नवरा दाराशी उभा होता. माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. मी वळून म्हणाले, "म्हंजे? मी लेकराला मारून राहिले का?"

"म्या तसं कुठं म्हणलं? बरी कवा होती ते सांगून राहिले."

मी उठलेच होते. लेकीला घेऊन निघून जायचं असंच माझ्या मनात होतं, कुठं ते माहीत नव्हतं. डॉक्टर बाईंनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बसा. आजी, त्या महिन्यात काय खायची ही?"

"भाकर ताकात. कधी भात अन् मुगाचं वरण. एखाद दिवशी अंडं."

"पोळी?"

"न्हाई."

"बिस्किट?"

सासूबाई जरा थांबल्या. "न्हाई," म्हणाल्या.

"आणि तुम्ही आल्यावर?" बाईंनी मला विचारलं. मी सांगायला लागले. पोळी, खीर, शेवया, सुकडी, बिस्किट. एकेक नाव घेताना मला माझाच आवाज परका वाटत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांना आजाराचा संशय आला होता, पण खात्री करायची होती. रक्त मुंबईला पाठवायचं आणि पंधरा दिवसांनी हैदराबादला जाऊन नळीनं आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढून तपासायचा. मी म्हटलं, मग आजपासून गहू बंद करते. त्या म्हणाल्या, "नाही. तपासणी होईपर्यंत गहू चालूच ठेवायचा. बंद केला तर आतडं सुधारायला लागेल आणि तपासणीत खरं काय ते दिसणार नाही. मग जन्मभर शंका राहील."

ते पंधरा दिवस मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आधीचं वर्षभर मी नकळत चारलं होतं. आता मला माहीत होतं. मी परातीत कणीक घ्यायची, मळायची, पोळी भाजायची, दुधात कुस्करायची आणि तोंड फिरवणाऱ्या पोरीचं तोंड दोन बोटांनी उघडून तिला तो घास घालायची. एकदा नवऱ्याला म्हटलं, आज तुम्ही चारा. त्यानं वाटी हातात घेतली, लेकीसमोर बसला आणि तसाच बसून राहिला. मग मीच घेतली. सासूबाई त्या वेळेला उठून अंगणात जायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या गेल्याबद्दल बरंही वाटायचं. घास गिळून झाला की मी घरभर फिरायची, झाडलेलं परत झाडायची, घासलेली भांडी परत घासायची. लेक कण्हत पडायची. मला तिच्याजवळ बसवत नव्हतं.

हैदराबादहून आल्यावर नांदेडच्या बाईंनी समजावून सांगितलं. त्यांच्या हात पुसायच्या टॉवेलाचं टोक धरून म्हणाल्या, "हे उभे दोरे बघा. पाणी टिपतात ते हेच. आतड्याला आतून असेच बारीक दोरे असतात. अन्नातलं सत्त्व ते टिपून घेतात. गव्हातलं एक द्रव्य हिच्या शरीराला शत्रू वाटतं. त्याच्याशी लढता लढता शरीर आपलेच दोरे झडवून टाकतं. तिचं आतडं आता घासून गुळगुळीत झालंय. वरून कितीही घाला, टिपणार कोण?" मग म्हणाल्या, आतड्याच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, नको ते आत शिरू नये म्हणून. हिच्यात त्यांची पकडही सैल झालीय. म्हणजे हवं ते आत जात नाही आणि नको ते शिरतं.

"दोरे परत येतील?" मी विचारलं.

"लहान आहे. येतील. पण गहू कायमचा बंद. थोडासुद्धा नाही, सणालाही नाही. दूध काही दिवस नको, ताक चालेल. ज्वारी, तांदूळ, बाजरी, सगळं खाऊ दे."

ज्वारी खाऊ दे. त्या किती सहज म्हणाल्या. मी सासूबाईंकडं बघितलं नाही, माझी हिंमतच झाली नाही.

आता माझ्या धावपळीला काम मिळालं. घरातला रवा, शेवया, बिस्किटं सगळं शेजारी देऊन टाकलं. हिंगात गव्हाचं पीठ असतं असं बाईंनी सांगितलं होतं, तर डबीच फेकली. अंगणवाडीत सुकडी वाटताना लेकीला दुसऱ्या खोलीत बसवायची, आणि वाटून झाल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तिला शिवायची नाही. तरी आठ दिवसांत फरक पडेना. मग डोक्यात आलं, गिरणी. आमच्या गावात गिरणी एकच, आणि तिच्यात ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू पडलेलेच असायचे. मी गिरणीवाल्याशी भांडले, की रोज सकाळी पहिलं दळण माझं, तेही गिरणी झाडून. तो म्हणाला, "बाई, पीठ हाय ते, त्याला काय विटाळ असतो का?" त्या शब्दावर मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

घरी आले तर सासूबाईंनी शेळीच्या खोपटातून जातं ओढून काढलं होतं आणि धूत बसल्या होत्या. कितीतरी वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता.

तेव्हापासून पहाट झाली की आम्ही दोघी जात्याला बसायचो. समोरासमोर, खुंट्याला दोघींचे हात. मला दळता येत नव्हतं, थापता येत नव्हतं. त्या शिकवत गेल्या. माझी भाकरी परातीतून उचलताना तुटायची, तव्यावर पडायची ती नकाशासारखी. त्या हसायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "पाणी कमी पडलं," नाहीतर "घाई करून राहिलीस." घाई तर मी जन्मभरच करत आले होते. जात्याला मात्र घाई चालत नाही. जोरात फिरवलं की भरड पडते.

तीन आठवडे झाले असतील. मी अंगणवाडीतून आले आणि चुलीपाशी बसले, तर लेक रांगत आली, माझा पदर ओढला आणि म्हणाली, "आई, भाकल." मी ऐकतच राहिले. दोन वर्षांत त्या पोरीनं खायला मागितलं नव्हतं. रडली होती, किंचाळली होती, तोंड फिरवलं होतं, पण भूक लागली म्हणून काही मागितलं नव्हतं. मला ती कधी भुकेली दिसलीच नव्हती. मी तिला अर्धी भाकरी ताकात चुरून दिली, ती तिनं आपल्या हातानं खाल्ली आणि रिकामी वाटी माझ्यापुढं केली. मी आणखी वाढली. चुलीच्या धुराचं निमित्त करून मी पोटभर रडून घेतलं.

त्यानंतरही माझ्या मनात एक गोष्ट सलत होतीच. एवढ्या डॉक्टरांना कळलं नाही, मला शिकलेलीला कळलं नाही, ते माझ्या अडाणी सासूला कळलं होतं. मी परभणीला जाताना तिला दम दिला, आल्यावर गल्लीसमोर तिचा पाणउतारा केला, आणि ती मुकाट ऐकत राहिली. हे बोलल्याशिवाय मला चैन पडेना. एके दिवशी पहाटे, जातं फिरत असतानाच मी म्हटलं, "आत्याबाई, माझं चुकलं. तुमाला समजलं होतं. मी तुमचं ऐकलं असतं तर लेकीचे एवढे हाल झाले नसते."

त्या दळत राहिल्या. मुठीनं जात्यात ज्वारी घातली. मग म्हणाल्या, "मला काय समजतंय, बाई?"

"त्या महिन्यात तुमी पोळी दिली न्हाई ते?"

"तू गेलीस अन् चार दिवसांत कणीक सरली. गहू होते पोत्यात, पर निवडायचे कसे? मला खडा दिसत न्हाई आताशा. कुणाला सांगू? तू आल्यावर बोलशील म्हणून गप बसले." त्यांनी सांडलेलं पीठ हातानं आत सारलं. "कणीक असती तर म्या बी पोळीच चारली असती. तू दहा बार सांगून गेली होतीस की."

माझा हात खुंट्यावरच थांबला. "अन् बिस्किटं? चार पुडे ठेवले होते मी."

म्हातारीनं मान वळवली.

"ती म्या खाल्ली," ती म्हणाली. "चहात बुडवून. रोज दोन-दोन."

मला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. म्हणजे कुणालाच काही समजलं नव्हतं. तिच्या अधू डोळ्यांनी आणि चहाच्या तलफेनं माझी पोर महिनाभर वाचवली होती, आणि मी शुद्धीवर असताना, डोळ्यांत तेल घालून, जीव ओतून तिला मरणाच्या दारात नेलं होतं. मला क्षमा करायला तिथं कुणी शहाणं माणूसच नव्हतं. आम्ही दोघीच होतो, आणि मध्ये जातं.

"रडू नगं," सासूबाई म्हणाल्या. "हात चालव. पोरगी उठंल आता, खायला मागंल."